परदेशात शिकताना इंग्रजीच्या वर्गात मदत करायची असेल तर

प्रश्न असा आहे: "मी एका वर्षासाठी परदेशी विद्यापीठात शिकायला जातेय. तिथल्या एका शाळेला इंग्रजीच्या तासाला मदत करणारे स्वयंसेवक हवे आहेत, असं विद्यापीठाने कळवलंय. माझी मातृभाषा इंग्रजी नाही आणि शिकवण्याचा अनुभवही नाही. मी अर्ज करावा का? व्हिसाची अडचण येईल का? आणि वर्गात नेमकं करायचं काय?"

अर्ज जरूर करा. मी विद्यार्थिनी असताना अशाच एका वर्गात मागच्या खुर्चीवर बसून सुरुवात केली. पुढे इंग्रजी शिकवणं हाच माझा व्यवसाय झाला आणि गेली बरीच वर्षं मी परदेशी विद्यार्थ्यांना शाळांशी आणि प्रौढांच्या वर्गांशी जोडून देते. या काळात चांगलं इंग्रजी येणारे कितीतरी मदतनीस वर्गात निष्प्रभ ठरलेले मी पाहिलेत. बेताचं इंग्रजी असलेले काही जण मात्र असे होते की ते आले की मुलं बोलायला लागायची. हा फरक कशामुळे पडतो, ते या उत्तरात सांगायचं आहे. पण आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ, कारण वेळ तिथेच जातो.

काम बिनपगारी असलं म्हणजे व्हिसाचा प्रश्नच नाही, असं समजू नका. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येतं. तिथले नियम 'व्हॉलंटिअरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' यांत फरक करतात. धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेत, कुठलाही करार न करता, कर्मचाऱ्याची जागा न घेता केलेली मदत पहिल्या प्रकारात येते आणि ती २० तासांत धरत नाहीत. ठरलेल्या जबाबदाऱ्या आणि हजेरीची सक्ती असलेलं काम, पैसे मिळत नसले तरी, दुसऱ्या प्रकारात जाऊ शकतं आणि मग ते तास मोजले जातात. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कसोटी वेगळी आहे. जे काम एरवी पगार देऊन करून घेतात, ते तुम्ही फुकट केलंत तरी रोजगार ठरू शकतं. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. जपानमध्ये कमाईच्या कामासाठी वेगळी परवानगी काढावी लागते आणि तिची मर्यादा आठवड्याला २८ तास आहे. म्हणून शाळा 'थोडं मानधन' देऊ म्हणाली तर लगेच हो म्हणू नका. प्रवासखर्चाची भरपाई वेगळी आणि मानधन वेगळं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कामाचं स्वरूप ईमेलने कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "चालेल" पुढे कामाला येत नाही.

दुसरा कागद पार्श्वभूमी तपासणीचा. मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची ती होते आणि व्हायलाच हवी. इंग्लंडमध्ये डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी असते, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची स्वतःची 'वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक' असते. तुम्ही त्या देशात नुकत्याच गेलेल्या असता, तिथल्या नोंदींत तुमच्याविषयी काहीच नसतं. त्यामुळे शाळा बहुधा मायदेशातलं पोलीस प्रमाणपत्रही मागते. ते निघण्यापूर्वीच काढून ठेवा. परदेशात बसून काढायला अनेक आठवडे लागू शकतात. एक विद्यार्थी माझ्याकडे सत्राच्या दुसऱ्या महिन्यात आला, त्याचे कागद पुरे होईपर्यंत परीक्षा तोंडावर आल्या आणि त्याला एकही तास वर्गात बसता आलं नाही. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करा. आणि स्थानिक शाळेत मदत करण्यासाठी एखादी मध्यस्थ कंपनी तुमच्याकडूनच शुल्क मागत असेल तर तो नाद सोडा. विद्यापीठाचा स्वयंसेवा विभाग, सार्वजनिक ग्रंथालय, प्रौढ शिक्षण केंद्र या ठिकाणी हे काम विनाशुल्क मिळतं.

आता मातृभाषेचा मुद्दा. हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि दरवेळी विचारणाऱ्याच्या आवाजात एक संकोच असतो. तो संकोच अनाठायी आहे. जगात इंग्रजीचा वापर मोठ्या प्रमाणावर अशा लोकांमध्ये होतो, ज्यांच्यापैकी कुणाचीच ती मातृभाषा नसते. जेनिफर जेनकिन्स या भाषातज्ज्ञांनी अशा संभाषणांचा अभ्यास करून २००० साली एक मांडणी केली: कोणते उच्चार चुकले की समोरच्याला खरंच कळत नाही आणि कोणते चुकले तरी काही बिघडत नाही. 'थिंक'मधला 'थ' इंग्रजांसारखा आला नाही तरी अर्थ पोहोचतो, असं त्यात दिसलं. स्वरांची लांबी, शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं आणि वाक्यात योग्य शब्दावर दिलेला जोर यांत गडबड झाली, तर मात्र गैरसमज होतात. मराठी बोलणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच: 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकू आले पाहिजेत. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना सोडून देतो. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांचंही तसंच. बोलण्याची गतीही थोडी कमी ठेवा. उसना ब्रिटिश किंवा अमेरिकन हेल काढायची मुळीच गरज नाही. मुलांना तो लगेच कळतो आणि त्यांना वाटतं, आपणही असंच सोंग घ्यायचं असतं.

उलट, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याकडे नसते. ही भाषा तुम्ही शिकून मिळवलेली आहे. 'आय ॲम अग्री' का चुकतं आणि 'आय अग्री' का बरोबर, हे तुम्हाला कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून तुम्ही ते मुलाला सांगू शकता. वर्गातलं घाबरलेलं मूल तुमच्याकडे पाहतं तेव्हा त्याच्यासमोर भाषा शिकलेलं एक माणूस बसलेलं असतं. पहिल्या दिवशीच सांगून टाका की तुम्हीही इंग्रजी शाळेत शिकलात आणि अजूनही तुमचे काही शब्द अडतात.

वर्ग दोन प्रकारचे असतात आणि दोन्हीकडे काम निराळं असतं. पहिला प्रकार जपान, स्पेन, इटली अशा देशांतला, जिथे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवतात. जपानमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे आणि तिसरी-चौथीला परकीय भाषेचा परिचय करून देणारे तास असतात. ते बहुतेक वेळा वर्गशिक्षकच घेतात, जे इंग्रजीचे तज्ज्ञ असतातच असं नाही. तिथे तुम्ही मुलांसाठी 'इंग्रजी बोलणारं खरंखुरं माणूस' असता. दुसरा प्रकार इंग्रजीभाषक देशांतला: नुकतेच आलेले स्थलांतरित, निर्वासित, त्यांची मुलं. या मुलांना इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकायचा नसतो. त्यांना विज्ञान, गणित आणि मैत्री हे सगळं इंग्रजीतूनच निभवायचं असतं.

या दुसऱ्या वर्गाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं की रोजच्या गप्पांची भाषा आणि पाठ्यपुस्तकाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मैदानावर फाडफाड बोलणारी मुलगी विज्ञानाच्या उताऱ्यापुढे गप्प बसते, ती आळशी म्हणून नव्हे. 'विरघळणे', 'प्रमाण', 'त्यामुळे', 'याउलट' यांचे इंग्रजी शब्द तिला मैदानावर कधी लागलेलेच नसतात. अशा मुलीजवळ बसून उताऱ्यातले असे चार शब्द उलगडून देणं, ही मदतनीसाने करायची सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. काही मुलं तर सुरुवातीला कित्येक आठवडे, कधी काही महिने, एक शब्दही बोलत नाहीत. ती ऐकत असतात. त्यांना बोलायला भाग पाडू नका. बोट दाखवायला सांगा, चित्रं क्रमाने लावायला द्या, मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. शब्द यायचे तेव्हा येतात.

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले. मदतनीसाचं काम बोलण्याचं नसून मुलाला बोलायला कारण आणि वेळ देण्याचं आहे. सगळ्यात जास्त चूक इथे होते आणि ती चांगल्या मनाच्या माणसांकडून होते. मी सुरुवातीला हेच करत होते. मुलाला प्रश्न विचारायचा, तो जरा अडला की मला राहवायचं नाही, मीच अर्धं उत्तर पुरवायची, तो मान हलवायचा आणि मी म्हणायची "व्हेरी गुड". एकदा वर्गशिक्षिकेने तास संपल्यावर मला शांतपणे सांगितलं, "आज त्या गटात तू एकटीच बोललीस." त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या आठवड्यापासून प्रश्न विचारला की मी टेबलाखाली बोटं मोजायला लागले: एक, दोन, तीन, चार, पाच.

ही बोटं मोजण्याची युक्ती हवेतली नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. ते थांबणं तीन सेकंद किंवा जास्त झालं की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. हे मुलांच्या स्वतःच्या भाषेतल्या वर्गांबद्दल आहे. परक्या भाषेत मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर सुचायचं, शब्द शोधायचे, वाक्य जुळवायचं आणि हसं होणार नाही याची खात्री करायची असते. त्याला तीन सेकंद कुठून पुरणार? सात-आठ सेकंद थांबा. पहिल्या वेळी ते अवघड वाटेल. त्या वेळात मुलाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू नका, कागदाकडे किंवा चित्राकडे पाहा. नजर हटली की मुलावरचा ताण उतरतो.

कारण देण्याचं म्हणाल तर, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तो प्रश्न मुलाला परीक्षेसारखा वाटतो. पुस्तकातलं सफरचंद दाखवून "हा रंग कोणता?" विचारलं तर तो "रेड" म्हणून थांबेल. त्याऐवजी दोघांच्या हातात जवळजवळ सारखी पण आठ ठिकाणी वेगळी असलेली दोन चित्रं द्या, एकमेकांची चित्रं बघायची नाहीत असं सांगा आणि फरक शोधायला लावा. बोलल्याशिवाय काम होणारच नाही. किंवा तुमच्या खोलीचा फोटो झाकून ठेवा आणि टेबलावर काय असेल ते मुलांना प्रश्न विचारून ओळखायला सांगा. ज्या गोष्टी तुमच्या खऱ्या आयुष्यातल्या आहेत, त्यांच्याविषयी मुलांना खरोखर जाणून घ्यायचं असतं आणि कुतूहल असलं की व्याकरणाची भीती मागे पडते. पाच मिनिटांत उरकतील असे तीन-चार खेळ पिशवीत कायम असू द्या. शिक्षक कधी अचानक म्हणतात, "शेवटची दहा मिनिटं तुम्ही घ्या."

सूचना देताना आधी करून दाखवा, मग सांगा. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, सगळी मुलं हो म्हणतात. "किती शब्द लिहायचे? जोडीने की एकट्याने?" असं विचारा, म्हणजे समजलंय की नाही ते उत्तरातूनच कळतं. सोपं बोलायचं म्हणून मोडकं बोलू नका. "यू गो देअर, राइट नेम" असं इंग्रजी ऐकवलंत तर मुलं तसंच शिकतील. वाक्य लहान करा, शब्द ओळखीचे घ्या, पण वाक्य पूर्ण आणि बरोबर असू द्या. आणि आवाज वाढवू नका. मुलांना ऐकू येत असतं, फक्त अर्थ लागत नसतो.

चुका सुधारण्याबाबत शिक्षकांशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. बहुतेक जण सहजपणे करतात ते असं: मूल म्हणतं "शी गो टू स्कूल", आपण म्हणतो "हो, शी गोज टू स्कूल" आणि पुढे जातो. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास छापला. तिथेही शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशाच होत्या, पण मुलांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद याच दुरुस्तीला मिळत होता. मुलाला वाटतं, बाई आपल्या म्हणण्याला दुजोरा देताहेत. त्याऐवजी "शी...?" म्हणून थांबलात आणि भुवई उंचावलीत, तर बरेचदा मूल स्वतःच "गोज" म्हणतं. अर्थात हे सराव चालू असताना. मूल काही महत्त्वाचं, मनातलं सांगत असेल तेव्हा व्याकरण बाजूला ठेवा आणि ते काय सांगतंय ते ऐका.

एक नाजूक प्रसंग हमखास येतो. शिक्षक फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहितात किंवा उच्चार चुकतात. वर्गासमोर दुरुस्त करू नका, कधीही नाही. तुम्ही काही महिन्यांनी निघून जाणार. त्या शिक्षकांना त्याच मुलांसमोर वर्षानुवर्षं उभं राहायचंय. त्यांनी तुम्हाला विचारलं तर सांगा. नाही विचारलं आणि चूक परीक्षेत नडणारी असेल, तर तास संपल्यावर एकट्यात "मी हे असं शिकले होते, तुम्ही कसं शिकवता?" असं विचारा.

वर्गात आणखी एक गोष्ट तुमच्या नकळत घडेल. इंग्रजी बरं येणारी दोन-तीन मुलं तुम्हाला ताब्यात घेतील. त्यांच्याशी बोलणं सोपं, आनंदाचं असतं आणि तास कसा संपला कळत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शिक्षकांना विचारा, "आज मी कुणाजवळ बसू?" आणि त्यांनी दाखवलेल्या मुलाजवळ, त्याच्या उंचीच्या खुर्चीवर बसा. वरून वाकून बोलणाऱ्या मोठ्या माणसाशी परक्या भाषेत बोलायला कुणालाच आवडत नाही. सगळ्यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा आणि नावाचा उच्चार त्या मुलालाच विचारून, त्याचं समाधान होईपर्यंत म्हणा. तुम्ही त्याच्या भाषेत अडखळताना त्याने पाहिलं की तो तुमच्या भाषेत अडखळायला धजावतो.

प्रौढांच्या वर्गात मदत करणार असाल तर विषय जपून निवडा. "तुमच्या कुटुंबाविषयी सांगा", "तुम्ही इथे का आलात?" हे पुस्तकातले नेहमीचे प्रश्न आहेत, पण ज्याने घर सोडून पळ काढलाय, ज्याची माणसं मागे राहिलीत किंवा उरलीच नाहीत, त्याला ते कुठे नेऊन सोडतील सांगता येत नाही. अशा प्रश्नावर एक बाई उठून बाहेर गेलेल्या मी पाहिल्या आहेत. हवामान, बसचं वेळापत्रक, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, मुलाच्या शाळेला चिठ्ठी कशी लिहायची, हे घ्या. स्वतःहून कुणी आपलं सांगायला लागलं तर ऐका, खोदून विचारू नका.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम शाळा सांगेलच. ते अक्षरशः पाळा. बंद खोलीत एकाच मुलाबरोबर बसायचं नाही, आपल्या फोनवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत, समाजमाध्यमांवर कुठल्याही विद्यार्थ्याशी जोडून घ्यायचं नाही, भेटवस्तू द्यायच्या नाहीत. एखादं मूल "कुणाला सांगू नका" म्हणून घरातलं काही सांगायला लागलं, तर गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. "मला हे अशा माणसाला सांगावं लागेल जे तुला मदत करू शकतील," असं त्याला सांगा आणि त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला कळवा.

किती वेळ द्यायचा? आठवड्यातून एक सकाळ, पण न चुकता. सुरुवातीच्या उत्साहात तीन दिवस कबूल करून परीक्षा आल्या की गायब होणारे विद्यार्थी शाळांना नकोसे होतात, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांनाही दार बंद होतं. आपल्या परीक्षांच्या तारखा शिक्षकांना पहिल्याच भेटीत द्या. सत्र बारा-पंधरा आठवड्यांचंच असतं, त्यात दोन-तीन दांड्या म्हणजे मुलांच्या दृष्टीने तुम्ही अधूनमधून येणारी पाहुणी. स्थानिक भाषा शिकायची असेल तर तास संपल्यावर लगेच पळू नका. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता जी भाषा कानावर पडते, ती भाषावर्गात मिळत नाही.

हे काम म्हणजे शिकवण्याची पात्रता नव्हे, हेही स्पष्ट सांगते. पुढे खरंच शिकवायचं मनात आलं तर सेल्टासारखा, इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण देणारा अभ्यासक्रम करा, ज्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवून दाखवावं लागतं. तुमच्या मदतनीसपणाच्या तासांची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा आणि शाळेकडून निघताना पत्र मागून घ्या. काही महिन्यांनी ईमेलने मागितलेलं पत्र क्वचितच येतं.

निघण्याची तारीख मुलांना दोन-तीन आठवडे आधी सांगा. ज्यांनी आधीच एक देश, एक शाळा, एक मित्रमंडळ मागे सोडलंय, त्या मुलांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं आहे. त्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलेली असतात. शेवटच्या तासाला भाषण नको. नेहमीचाच खेळ घ्या, नेहमीसारखं मागच्या बाकाजवळ बसा, आणि प्रश्न विचारल्यावर त्या दिवशीही आठ सेकंद थांबा.